देवाच्या दरबाराचे बिऱ्हाड

टिळक म्हटले की लोकमान्यांची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. पण आपल्या घरांतून ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून ज्यांचे नाव प्रेमाने घेतले जाते, ते नारायण वामन टिळक निराळ्याच वाटेने गेले. त्या वाटेवर त्यांच्या मागून चालणाऱ्या कुटुंबाचीही आठवण ठेवली पाहिजे.

१८६१ साली कोकणात करजगाव येथे चित्पावन घराण्यात त्यांचा जन्म झाला. स्वभाव फिरस्ता. संसार मांडावा, मोडावा, पुन्हा दुसऱ्या गावी मांडावा, असा क्रम. राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन सुमारे पाच वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या अहमदनगरास आल्या, पण सोवळे सांभाळूनच. जातिभेद त्यांनी स्वतः विचार करून टाकला, आणि १९०० साली त्यांनीही दीक्षा घेतली. नवऱ्यामागे मुकाट्याने धर्म बदलणारी ही बाई नव्हती.

नगरास टिळकांचे काम रुजले. ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे ते संपादक झाले. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा नगरकडे टिळकांच्या आधीपासूनच होती. परंतु उपासनेत विलायती चालींवर बसवलेली मराठी गीतेही म्हटली जात. विलायती सुरावटीत मराठी शब्दाचे ऱ्हस्वदीर्घ ओढाताणीत सापडतात, हे गाणे शिकवणाऱ्याला सांगावे लागत नाही. टिळकांनी अभंग लिहिले. वारकऱ्याच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या बसलेला तो छंद. टाळ हाती घेतला की न शिकलेल्या माणसालाही म्हणता यावा. ‘उपासना संगीत’ या संग्रहात त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत.

आणि मग १९१७ साली, वय छप्पनच्या घरात आले असताना, मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी संन्यास घेतला, साताऱ्यास मुक्काम हलवला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात बंधू म्हणून यावेत, अशी योजना होती.

आपल्यासारख्या संस्थानी गावातल्या माणसाला दरबार या शब्दाचा अर्थ फोड करून सांगायला नको. कोणी कुठे बसायचे हे मानाप्रमाणे ठरलेले, आणि मानाप्रमाणे तनखा. दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्या मला बांधलेल्या तनख्याची किंमत ठाऊक आहे. महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या त्या रकमेवर चूल पेटते, पोरांची शाळा चालते. टिळकांच्या दरबारात मानाची बैठक नव्हती, तनखाही नव्हता. हे त्यांचे मोठेपण खरेच. पण संन्याशाला भूक लागली की ताट वाढावे लागते, आणि आल्यागेल्याचेही पाहावे लागते. लक्ष्मीबाई साताऱ्यास आल्या. त्यांचा संसार पुन्हा एकदा नव्याने सुरू झाला, तोही प्रकृती ढासळत चाललेल्या नवऱ्याबरोबर.

दरबार फार काळ चालला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य दहा-अकरा अध्यायांवरच थांबले होते. ज्या लक्ष्मीबाईंना टिळकांनीच लिहिण्यावाचण्याची गोडी लावली, त्यांनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहून ते पुरे केले. शिवाय ‘स्मृतिचित्रे’ लिहून या विलक्षण संसाराची हकीकत हसतखेळत सांगून ठेवली. १९३६ साली त्या वारल्या.

साताऱ्याचा दरबार टिळकांनी भरवला खरा. त्याचे बिऱ्हाड मात्र लक्ष्मीबाईंनी सांभाळले, आणि अपुरे राहिलेले गाणेही त्यांनीच समेवर आणले.