राजा रविवर्मा

राजा रविवर्मा (२९ एप्रिल १८४८ – २ ऑक्टोबर १९०६) हे त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे जन्मलेले भारतीय चित्रकार होते. तैलरंगातील पौराणिक चित्रांमुळे त्यांची कीर्ती झाली. परंतु महाराष्ट्रातील सामान्य घरांत त्यांचे नाव पोहोचले ते छापील रंगीत चित्रांमुळे.

तिरुवनंतपुरमच्या राजवाड्यात त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात त्यांच्या चित्राला पारितोषिक मिळाले. पुढे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्यासाठी त्यांनी १४ पौराणिक चित्रे काढली. ही चित्रे मुंबईत मांडली असता ती पाहण्यास मोठी गर्दी लोटली. त्यांच्या अनेक पौराणिक नायिका नऊवारी नेसलेल्या दिसतात.

मुद्रणालय

चित्रांच्या प्रती छापून विकाव्यात ही सूचना सर टी. माधवराव यांची. त्रावणकोर व बडोदा येथे दिवाण राहिलेले माधवराव तंजावरकडील मराठी घराण्यातले होते. त्यांनी ते काम युरोपात करून घ्यावे असे सुचविले होते. रविवर्म्यांनी मात्र १८९४ मध्ये मुंबईतच मुद्रणालय काढले. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आले. पुण्याचा चित्रशाळा छापखाना १८७८ पासून रंगीत चित्रे काढीतच होता, त्यामुळे हा व्यवसाय येथे अगदी नवा नव्हता. नवी होती ती छपाईची सफाई.

शिळाछापाच्या या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे. तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत या तत्त्वावर शाई फक्त रेखाटलेल्या भागाला धरे. तोच कागद एकामागून एक दगडांवर बिनचूक बसला नाही, तर रंग सरकून चित्र वाया जाई. अशा कामात भांडवल फार अडकते. त्यातच १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला. मुद्रणालय पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आले, तरी कर्जाचा भार हलका झाला नाही. धाकटे बंधू सी. राजराजवर्मा व्यवहार पाहत, पण दोघेही मुळात चित्रकारच. अखेर १९०१ च्या सुमारास मुद्रणालय, चित्रे छापण्याच्या हक्कांसह, तेथील जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर यांना विकण्यात आले.

जाहिरातींतील वापर

विलायती कापडाच्या ताग्यांवर रंगीत छाप चिकटविण्याची रीत आधीपासून होती. रविवर्म्यांच्या लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांची रूपे काडेपेट्यांवर, तसेच साबण व बाळांच्या औषधांच्या दिनदर्शिकांवर आली. दिनदर्शिका वर्षभर भिंतीवर राही आणि देवाचे चित्र वर्ष सरल्यावरही कोणी काढून टाकीत नसे. व्यापाऱ्यांना याहून स्वस्त जाहिरात मिळणे कठीण होते. हक्क विकलेले असल्याने मुद्रणालयाच्या नंतरच्या भरभराटीचा लाभ चित्रकाराला झाला नाही.

दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटांकडे वळण्यापूर्वी काही काळ या मुद्रणालयासाठी काम केले. राजराजवर्मा १९०५ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी रविवर्म्यांचे निधन झाले. मळवलीचे मुद्रणालय १९७२ मध्ये आगीत भस्मसात झाले.