जखमींपर्यंत धावणारी गाडी
डॉमिनिक जाँ लारे यांचा जन्म १७६६ मध्ये फ्रान्समध्ये झाला. १७९२ मध्ये ते सर्जन म्हणून सैन्यात गेले. तेव्हा रुग्णवाहिका रणांगणापासून काही किलोमीटर मागे थांबत. लढाई संपेपर्यंत अनेक जखमी रक्तस्रावाने दगावत. घोड्यांनी झपाट्याने ओढल्या जाणाऱ्या तोफा पाहून लारे यांना हलक्या गाड्या सुचल्या. सपाटीवर दोन चाकी, डोंगराळ भागात चार चाकी. इजिप्तच्या वाळवंटात तर उंट. हुद्दा न पाहता गंभीर जखमीवर आधी उपचार होत. नेपोलियनच्या सैन्याच्या या सर्जनचे १८४२ मध्ये निधन झाले. शहरातल्या कोंडीत रुग्णवाहिका कुठे उभी ठेवायची, कोणत्या रस्त्याने न्यायची, हे ठरवताना आजही तोच हिशेब लागतो: किलोमीटर नव्हे, मिनिटे मोजायची.