चांदबिबी

मला चांदबिबीविषयी दोन शब्द सांगावयाचे आहेत. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची ही लेक. ज्या सोलापूरसाठी नगर आणि विजापूर भांडत, ते आंदण देऊन तिला विजापूरच्या अली आदिलशहाला दिली. तरी भांडण मिटले नाही. वैधव्यात ती माहेर राखावयास आली. १५९५ साली मोगलांनी नगरला वेढा घातला. सुरुंगाने तट पडला, तो तिने उभे राहून रातोरात बुजविला. १५९६ च्या तहात आपल्या वर्धा नदीपलीकडचा वऱ्हाड देऊन तिने नगर वाचविले. १६०० साली पुन्हा वेढा पडला. ती तहाचे बोलताच फितुरीच्या संशयाने तिच्याच लोकांनी तिला मारले. लवकरच किल्लाही गेला. काय सोडावे नि काय राखावे, हे तिला कळत होते. घरच्यांना कळले नाही, याचे मला वाईट वाटते.