टिपूच्या किल्लेदाराला आधीच माहीत असायचं, तासगावच्या परशुरामभाऊंच्या तोफा कधी थांबणार

ऋषिपंचमीला तासगावात पाय ठेवायला जागा नसते. गणपतीचा रथ लोक दोरखंडांनी ओढत नेतात आणि मागे मंदिराचं सात मजली गोपुर उभं असतं. सांगली जिल्ह्यात हे दाक्षिणात्य गोपुर आणलं कुणी? परशुरामभाऊ पटवर्धनांनी. पेशवाईतले मोठे सरदार, तासगावचे जहागीरदार. कर्नाटकाच्या मोहिमांवर त्यांची बरीच हयात गेली.

त्याच कर्नाटकात, धारवाडला, भाऊ असे अडकले की एक किल्ला घ्यायला साडेसहा महिने लागले.

आता भाऊ काही कच्चे गडी नव्हते. 1781 साली इंग्रजांचा जनरल गॉडर्ड बोरघाटापर्यंत आला होता. तेव्हा भाऊंनी कोकणात घोडदळ उतरवलं आणि त्याची रसद मारायला सुरुवात केली. हल्ला कधी आणि कुठून होणार, याचा इंग्रजांना पत्ताच लागायचा नाही. शेवटी एप्रिलमध्ये गॉडर्डला मार खात पनवेलकडे मागे फिरावं लागलं.

मग 1790 साल आलं. टिपू सुलतानाविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज एकत्र आले. भाऊंनी धारवाडला वेढा घातला. आत किल्लेदार होता बद्रुज्जमानखान. भाऊंच्या मदतीला मुंबईहून कॅप्टन लिटलची इंग्रज पलटण आली होती. तिच्यातल्या एडवर्ड मूर नावाच्या अधिकाऱ्याने पुढे या मोहिमेवर पुस्तक लिहिलं, त्यात वेढ्याचा दिनक्रमच सापडतो.

झालं असं की, सकाळी तोफा मोर्चावर आणायच्या. एक तोफ भरायची, मग गोलंदाज गप्पा मारत, हुक्का ओढत बसायचे. बऱ्याच वेळाने बार काढायचा. गोळा भिंतीला कुठे का लागेना, धूळ उडाली की समाधान. दुपारी एक ते तीन जेवणाची सुट्टी, आणि ही सुट्टी दोन्ही बाजूंना मान्य. संध्याकाळ झाली की तोफा ओढत परत छावणीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मूर इंग्रज होता, त्यामुळे त्याच्या लिखाणात थोडा तोरा आहे हे धरून चालू. पण दिनक्रम खरा मानला तर आतल्यांचं काम किती सोपं झालं बघा. दिवसभरात पडलेली भिंत रात्री बुजवायची. कबड्डीत एखादा चढाईपटू दरवेळी त्याच कोपऱ्यात जात असेल, तर समोरच्या संघाला फक्त तिथे उभं राहायचं असतं.

हा सगळा आळस होता असंही नाही. तोफा जुन्या होत्या, दारूगोळ्याची कायम टंचाई होती. सपासप मारा करायला दारू हवी आणि ती पुण्याहून येईपर्यंत वाट बघावी लागायची. मराठी फौजेची खरी ताकद घोड्यावर होती, भिंत फोडण्यात नव्हती. पण एकाच जागी मारा करणं किंवा रात्री तोफा मोर्चावरच ठेवणं, याला जादा दारू लागत नव्हती.

डिसेंबर अखेरीस कर्नल फ्रेडरिक जादा इंग्रज फौज घेऊन आला. त्याला धीर धरवला नाही. 7 फेब्रुवारी 1791 ला त्याने हल्ला चढवला. खंदक भरायला टाकलेल्या फांद्यांना आतल्यांनी आग लावली आणि हल्ला फसला. मार्चमध्ये फ्रेडरिक वेढ्यातच वारला.

त्याच मार्चमध्ये तिकडे लॉर्ड कॉर्नवॉलिस बंगळूरच्या समोर होता. तिथलं काम अडीच आठवड्यांत उरकलं. तोफांनी खिंडार पाडलं आणि 21 तारखेला रात्री हल्ला केला. धारवाडला याच वेळी तोफा छावणीत परत गेलेल्या असायच्या.

अखेर एप्रिल 1791 मध्ये अटींवर धारवाड हाती आलं. पण उशिराची किंमत पुढे मोजावी लागली, आणि तीही दोस्तांना.

मे महिन्यात कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणपर्यंत पोचला. लढाई जिंकला, पण चारा-धान्य संपलं, बैल मेले, माणसं उपाशी. वेढ्याच्या अवजड तोफा त्याने स्वतःच फोडून टाकल्या आणि माघार घेतली. माघारीच्या वाटेवर समोरून घोडदळ दिसलं. शत्रू समजून इंग्रज सावध झाले, तर ते निघाले भाऊ आणि हरिपंत फडके. त्यांच्या छावणीतल्या बाजारात धान्य भरपूर होतं. भाव चढे होते, तरी इंग्रज शिपाई त्यावरच जगले. हीच फौज थोडे दिवस आधी आली असती तर तोफा फोडायची वेळ कदाचित आली नसती. टिपूला मात्र जवळपास नऊ महिने मिळाले. फेब्रुवारी 1792 मध्ये पुन्हा श्रीरंगपट्टणला धडक मारावी लागली, तेव्हा कुठे तो तहाला आला.

भाऊंचं नाव या वेढ्याने बुडालं नाही. 1795 ला खर्ड्याच्या लढाईत निजामाविरुद्ध मराठी फौजांचे सेनापती तेच होते. सप्टेंबर 1799 मध्ये पट्टणकुडीला, कोल्हापूरच्या फौजेशी उघड्या मैदानात लढताना ते पडले. तासगावचं गणपती मंदिर पूर्ण झालं ते त्याच वर्षी.