लोखंडी नांगर

विद्यार्थी मित्रांनो, पुणे जिल्ह्याच्या नकाशात मोरगाव हे गाव शोधा. बारामती तालुक्यात, कऱ्हा नदीच्या काठी ते तुम्हांला सापडेल. येथील मोरेश्वराच्या मंदिरामुळे हे गाव प्रसिद्ध आहे. हा भाग कमी पावसाचा आहे. पाऊस वेळेवर पडला तर ज्वारी-बाजरी पिकते. पावसाने दगा दिला तर शेतकऱ्याचे हाल होतात. अशा कोरडवाहू भागातील शेतकरी नवे अवजार घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो. नवे अवजार चालले नाही, तर सगळा हंगाम वाया जाईल, ही भीती त्याच्या मनात असते.

दख्खनच्या पठारावरील अशाच शेतकऱ्यांसाठी एका माणसाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लोखंडी नांगर बनवला. तो कोणी विकत घेईल की नाही, हे त्यालाही माहीत नव्हते. तरीही त्याने हे काम हाती घेतले. त्या माणसाचे नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. त्यांना चित्रकलेची फार आवड होती. 1885 मध्ये ते मुंबईला गेले आणि जे. जे. कलाशाळेत शिकू लागले. दोन वर्षांनी एक वाईट गोष्ट लक्षात आली. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील फरक नीट ओळखता येत नव्हता. ज्याला रंग कळत नाहीत, त्याने चित्रकार कसे व्हावे?

तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते? निराश होऊन घरी परतला असता का? लक्ष्मणरावांनी निराळा विचार केला. रंग ओळखता येत नसले, तरी त्यांचा हात चांगला होता. यंत्रांची चित्रे काढायला रंगांची गरज नसते. ते यंत्रांचे रेखाटन शिकले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. तेथील कारखान्यात यंत्रे कशी चालतात, हे त्यांनी मन लावून पाहिले.

काही वर्षांनी त्यांना बढती मिळायला हवी होती. पण ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. लक्ष्मणरावांना हा अन्याय सहन झाला नाही. पण नोकरी सोडणे सोपे नव्हते. दरमहा ठरलेला पगार बंद होणार होता. पुढे काय होईल, याची खात्री देणारा कोणीही नव्हता. अखेर त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले.

बेळगावला त्यांचे मोठे बंधू रामूअण्णा राहत होते. दोघा भावांनी सायकलींचे दुकान चालवले. त्या काळी सायकल ही मोठी नवलाईची वस्तू होती. रामूअण्णा लोकांना पंधरा रुपये घेऊन सायकल चालवायलाही शिकवीत. सायकलीचा धंदा चालला, पण लक्ष्मणरावांचे मन यंत्रांत होते. त्यांनी छोटा कारखाना उभारला आणि जनावरांसाठी कडबा कापण्याचे यंत्र बनवले. त्यानंतर त्यांचे लक्ष नांगराकडे गेले.

त्या काळी आपल्याकडे लाकडी नांगर वापरत. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे खोलवर जातात. लाकडी नांगराने ती निघता निघत नसत. परदेशी लोखंडी नांगर माती खोलवर उलटीपालटी करीत असे, पण तो महाग होता. तसाच नांगर येथे बनवायचा, असे लक्ष्मणरावांनी ठरवले. 1903 च्या सुमारास त्यांचे लोखंडी नांगर तयार झाले.

पण नांगर विकत घेणार कोण? लोखंडामुळे जमिनीत विष पसरते, अशी पुष्कळ शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर कारखान्यात पडून राहिले. एक वर्ष गेले, दुसरे वर्ष गेले. कल्पना करा, मित्रांनो! घरचा पैसा लोखंडात अडकलेला, समोर तयार माल आणि गिऱ्हाईक मात्र नाही. अशा वेळी माणसाच्या मनात शंका येतेच. आपले चुकले तर नाही ना, असे त्याला वाटू लागते.

शेतकऱ्याच्या शंकेलाही हसून चालणार नाही. त्याच्या दृष्टीने जमीन हेच सर्वस्व होते. ते नव्या वस्तूच्या भरवशावर सोडायला तो घाबरत होता. ही भीती केवळ बोलून जाणार नव्हती. नांगर प्रत्यक्ष जमिनीत चालताना दिसणे, हाच त्यावर उपाय होता. दोन वर्षांनी पहिले नांगर विकले गेले. जमीन चांगली नांगरली जाते, हे शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि मग हळूहळू मागणी वाढू लागली.

आता कारखाना स्थिरावेल, असे वाटत असतानाच नवे संकट आले. कारखान्याची जागा बेळगावच्या नगरपालिकेला हवी होती. कारखाना हलवणे भाग पडले. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी लक्ष्मणरावांना ओळखत होते. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल स्टेशनजवळ बत्तीस एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्जही दिले.

ही जमीन म्हणजे निवडुंगाचे रान होते. तेथे सापांचा सुळसुळाट होता. पाणी कमी, वस्ती नाही. अशा ठिकाणी बायका-मुलांना घेऊन राहायला कोण येणार? तरीही लक्ष्मणराव, रामूअण्णा आणि त्यांचे काही सोबती तेथे गेले. त्यांनी निवडुंग तोडला, राहण्यासाठी निवारे उभे केले आणि भट्टी पेटवली. ही गोष्ट 1910 सालची. त्या रानाचे पुढे किर्लोस्करवाडी हे गाव झाले. आज ते सांगली जिल्ह्यात आहे.

1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशातून येणारे लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी आपल्या जुन्या तोफा लक्ष्मणरावांना दिल्या. त्या वितळवून नांगर तयार झाले. एके काळी लढाईत धडाडणारे लोखंड आता शेतात राबू लागले.

पुढे किर्लोस्करांच्या कारखान्यात उसाचे चरक, पाण्याचे पंप अशी अनेक यंत्रे बनू लागली. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. 1969 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

मित्रांनो, या गोष्टीत एक बाब ध्यानात घ्या. लक्ष्मणरावांना पुढची वाट कधीच पूर्ण दिसत नव्हती. नोकरी सोडताना दिसली नाही, नांगर बनवताना दिसली नाही आणि निवडुंगाच्या रानात उतरतानाही दिसली नाही. पण जे काम आपल्याला येते, त्यापासून त्यांनी दर वेळी सुरुवात केली. हात चांगला होता, म्हणून यंत्रांचे रेखाटन केले. यंत्रे कळत होती, म्हणून कारखाना काढला. खात्री आधी मिळाली नाही, ती काम करता करता मिळाली.

तुम्हीही उद्या एखादे काम शिकाल किंवा एखादा धंदा कराल. मन कचरेल, पाय अडखळतील. तेव्हा त्या कामातला आपल्याला जमणारा पहिला भाग कोणता, ते शोधा आणि हिंमत करून तो करायला लागा.