योझेफ स्टेफान

आमच्या वलवणाहून पुण्याकडे जाताना वाटेत तळेगाव लागते. तेथे लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली सुरू झाला. काच वितळविणाऱ्या भट्टीत १४०० अंश सेंटिग्रेडहून अधिक उष्णता असते. तरी बाहेरचा कारागीर भाजत नाही, कारण मध्ये अग्निविटांची भिंत असते. ती भिंत उष्णता किती अडविते, हे ज्यांच्या शोधांमुळे कळू लागले, त्या योझेफ स्टेफान यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

स्टेफान यांचा जन्म २४ मार्च १८३५ रोजी ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्टजवळ एका गरीब स्लोव्हेन कुटुंबात झाला. आईबापांस अक्षरओळख नव्हती. मुलगा मात्र विद्येत पुढे निघाला. तरुणपणी तो मातृभाषेत कविताही लिही. व्हिएन्ना येथे पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षे शाळेत शिकविले आणि १८६३ साली ते तेथील विद्यापीठात प्राध्यापक झाले.

हवा उष्णता किती वाहून नेते, हे मोजणे कठीण होते. कारण तापलेली हवा स्वतःच हलू लागते. स्टेफान यांनी एकात एक बसणारी धातूची दोन नळकांडी घेऊन मधल्या अरुंद फटीत हवा कोंडली, आणि ती तांब्याहून हजारो पटींनी मंद वाहक असल्याचे दाखविले. सच्छिद्र विटेचे बळ या कोंडलेल्या हवेतच आहे.

परंतु उष्णतेस दुसरीही वाट असते. १८७९ साली त्यांनी असा नियम मांडला की, तप्त पदार्थातून बाहेर पडणारी किरणरूप उष्णता केवल तपमानाच्या चतुर्थ घाताप्रमाणे वाढते. म्हणजे ते तपमान दुप्पट झाले, तर उष्णता सोळापट होते. ज्या मोजमापांवर त्यांनी भिस्त ठेविली त्यांत उणिवा होत्या, हे पुढे दिसून आले. नियम मात्र टिकला. त्यांचे शिष्य बोल्ट्झमान यांनी १८८४ साली तो तत्त्वतः सिद्ध केला. या नियमाने स्टेफान यांनी काढलेले सूर्यपृष्ठाचे तपमान, सुमारे ५४३० अंश, आजच्या मापनाच्या अगदी जवळ आहे.

भट्टीच्या भिंतीचे कोडे यानेच सुटते. विटेतील छिद्रे मोठी असली, तर प्रखर तापात उष्णता किरणरूपाने त्यांतून पलीकडे उडी घेते, व रक्षण करणारे छिद्रच तिचे दार होते. म्हणून छिद्रे बारीक हवीत. शिवाय वितळलेली काच सच्छिद्र वीट खाऊन टाकते. यास्तव आत घट्ट वीट व बाहेर सच्छिद्र वीट रचतात.

७ जानेवारी १८९३ रोजी स्टेफान निवर्तले. ज्या घरात कोणास वाचता येत नव्हते, तेथील मुलाने सूर्याच्या तापाचा हिशेब मांडला. आमच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी पुस्तक नाही, त्यांनी एवढे ध्यानात धरावे.