माईक नसतानाचा तबला: अहमदजान थिरकवा

मारुंजीत सोसायट्या वाढल्या तशी घरच्या घरी रेकॉर्डिंग करणारी पोरंही वाढली. फ्लॅटमध्ये ड्रम किट वाजवलं की खालचे काका पाचव्या मिनिटाला दारात, म्हणून आमच्या ग्रुपमध्ये तबलाच जास्त चालतो. मध्यंतरी एका मित्राचा तबला आम्ही फोनवर रेकॉर्ड केला. ऐकलं तर डग्गा गायब, नुसतं टकटक! त्याच रात्री हेडफोन लावून थिरकवा खाँसाहेबांची जुनी तबकडी ऐकली. खरखर भरपूर, पण डावा हात स्पष्ट. म्हणून आज गॅजेट बाजूला ठेवू आणि या माणसाकडे बघू.

अहमदजान खाँ यांचा जन्म 1892 च्या सुमारास उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादचा. घराणं संगीतकारांचं. लहान वयातच ते मुंबईत मुनीर खाँ यांच्याकडे तबला शिकायला आले आणि वर्षानुवर्षं शिकत राहिले. बोटं तबल्यावर अशी नाचायची, थिरकायची, की थिरकवा हेच नाव पडलं. पुढे मूळ नावापेक्षा तेच जास्त चाललं.

मराठी माणसाला ते माहीत झाले ते बालगंधर्वांमुळे. गंधर्व नाटक मंडळीत त्यांनी बरीच वर्षं साथ केली. सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर थिरकवा. आता कल्पना करा: नाटक रात्रभर चालायचं, थिएटर भरलेलं, आणि मिक्सर वगैरे काही नाही. तबला शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे, पण बालगंधर्वांच्या आवाजावर चढता कामा नये. आज आपण फेडर खालीवर करून जे करतो, ते त्यांना हाताच्या दाबाने करावं लागायचं. माझ्या मते त्यांची खरी शाळा मुनीर खाँ आणि हे थिएटर, दोन्ही.

तबकड्यांच्या जमान्यातही तेच कौशल्य कामी आलं. 78 गतीच्या दहा इंची तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावतात. सुरुवातीला आवाज भोंग्यातून थेट सुईपर्यंत जायचा, त्यात खालचे, घुमणारे सूर जवळपास गाळलेच जायचे. 1925 पासून जगात विजेवर, म्हणजे माईक लावून रेकॉर्डिंग सुरू झालं आणि डग्ग्याला न्याय मिळायला लागला. तरी माईक साधारण एकच. कोणी किती लांब बसायचं, यावरच मिक्सिंग! खाँसाहेबांचे सोलो अशा तबकड्यांवर आले. तास-दीड तासाचं वादन तीन मिनिटांत बसवायचं, म्हणजे एकही बोल वाया घालवून चालत नाही.

1930 च्या दशकात ते रामपूर दरबारात गेले आणि बराच काळ तिथे राहिले. नंतर लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात शिकवलं. मुंबई-पुण्याशी नातं तुटलं नाही. निखिल घोष, लालजी गोखले, भाई गायतोंडे हे त्यांचे शिष्य. 1970 मध्ये पद्मभूषण मिळालं. 13 जानेवारी 1976 ला लखनौत ते गेले.

आता माईकवाल्यांसाठी कामाची गोष्ट. त्यांच्याकडे दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद अशा अनेक घराण्यांच्या बंदिशी होत्या. दिल्लीचं वादन मुख्यतः बोटांचं, चाटेवरचं. पूरबकडचं खुलं, त्यात पंजा आणि लव जास्त. म्हणजे एकाच बैठकीत पुडीच्या वेगवेगळ्या जागा बोलणार. तुम्ही माईक चाटेला चिकटवला तर टणत्कार छान येईल, पण खुले बोल बारीक होतील. वाजवणाऱ्याने हाताने साधलेला तोल तुम्ही मोडलात! म्हणून दायाँवर माईक वीसेक सेंटीमीटर वर, किंचित तिरका, पूर्ण पुडी दिसेल असा. डग्ग्याला वेगळा माईक, खालचे सूर नीट घेणारा, थोडा बाजूने. मनगट घासतं त्याच्या अगदी जवळ नको. मग दोन्ही एकत्र मोनोमध्ये ऐका. डग्गा अचानक पातळ झाला तर एक माईक सरकवा किंवा फेजचं बटण उलटं करून बघा. ड्रम किटला किक, स्नेअर आणि वरचे दोन ओव्हरहेड माईक लावतानाही हीच तपासणी लागते.

फक्त फोन असेल तर? समोर दोन-तीन फुटांवर, तबल्याच्या उंचीपेक्षा थोडा वर ठेवा. ऑटो गेन बंद करता येत असेल तर करा, नाहीतर हळू वाजवलेलं आणि जोरात वाजवलेलं सगळं एकाच पातळीला येतं. खाँसाहेबांची अर्धी कमाई तिथेच गेली म्हणायची.

आमच्या गायब डग्ग्याचं काय झालं? रेकॉर्डिंगमध्ये तो थोडाफार होता. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला तेवढे खालचे सूर वाजवताच येत नव्हते. हेडफोन लावल्यावर सापडला, जरा दबलेला, कारण फोन आम्ही दायाँच्या बाजूला ठेवला होता. आता रविवारी पुन्हा बसणार आहोत, फोन मधोमध ठेवून. खालच्या काकांनाही बोलावलंय.